ब्रिटिश एस्पेरांतो संघटनेचे क्षुल्लकशास्त्र

क्षुल्लक गोष्टींचे शास्त्र आपल्याकडे मागे पडले, याला कारण आपले विद्वान. ते कायम मोठ्या प्रश्नांत गुंतलेले असतात. ज्ञानदेव एक की दोन, मराठीतला पहिला शिलालेख कोणता, यादवांचे मूळ कुठले, या वादांतून त्यांना उसंत मिळत नाही. मिळालीच तर ते एकमेकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहितात. परिणामी संस्थेच्या कपाटाची किल्ली, सभासदाच्या कोटावरचा बिल्ला आणि वार्षिक सभेतला चहा या विषयांवर मराठीत एकही प्रमाणग्रंथ नाही. ही उणीव अंशतः तरी भरून निघावी, एवढ्याच माफक हेतूने प्रस्तुत प्रबंध सिद्ध केला आहे. एक बिल्ला, काही टोप्या, एक मगर, एक कपाट आणि एक मद्यगृह एवढी त्याची व्याप्ती.

नमुना म्हणून ब्रिटनमधली एस्पेरांतो संघटना घेतली आहे. निवडीमागे शास्त्रीय कारण आहे. मोठ्या संस्थांकडे सत्ता, पैसा, जमीनजुमला असतो, त्यामुळे त्यांच्या क्षुल्लक गोष्टी ढिगाऱ्याखाली गडप होतात आणि अभ्यासकाला उकरून काढाव्या लागतात. एस्पेरांतोकडे राज्य नाही, सैन्य नाही, चलन नाही, तिच्या नावाने निवडणूक लढवता येत नाही आणि तिच्या अस्मितेसाठी कोणी दुकानांच्या पाट्यांना काळे फासत नाही. बिल्ला, वर्गणी आणि मासिक, संपला कारभार. इतका निर्भेळ नमुना दुसरीकडे मिळणे कठीण.

भाषेची तोंडओळख थोडक्यात उरकतो. लुडविक झामेनहॉफ यांचा जन्म १८५९ सालचा, रशियन साम्राज्यातल्या ब्यालिस्टॉक गावचा. त्या गावात यिडिश, पोलिश, रशियन आणि जर्मन बोलणारे लोक शेजारी राहत आणि परस्परांचा मनापासून दुस्वास करत. सर्वांना समान परकी अशी एखादी भाषा असेल तर भांडणे कमी होतील, असे या मुलाच्या मनाने घेतले. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि १८८७ मध्ये वॉर्सात त्याने आपल्या भाषेची पहिली पुस्तिका छापली. व्याकरणाचे नियम सोळा. त्यांतला सोळावा असा, की नामाचा शेवटचा स्वर गाळून त्या जागी अपॉस्ट्रॉफी टाकायला मुभा आहे. ही मुभा व्यापाऱ्याला किंवा वकिलाला कशाला लागेल? वृत्तात मात्रा बसवताना घाम फुटलेल्या माणसालाच ती लागते. म्हणजे व्याकरणाचा सोळावा हिस्सा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कवींच्या नावाने करून टाकला होता. वाचकाने हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

आता ब्रिटन. यॉर्कशरमध्ये कीथली नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. तिथल्या जोसेफ ऱ्होड्स या पत्रकाराने १९०२ मध्ये देशातले पहिले एस्पेरांतो मंडळ काढले. लंडनला जाग आली ती पुढच्या वर्षी. तिथल्या क्लबाच्या अध्यक्षपदी चित्रकार फेलिक्स मोशेलेस होते. संगीतकार मेंडेल्सनचा धर्मपुत्र ही त्यांची आणखी एक ओळख. १९०४ मध्ये ब्रिटिश एस्पेरांतो असोसिएशन स्थापन झाली आणि १९०५ पासून ‘द ब्रिटिश एस्पेरांतिस्ट’ हे तिचे मासिक निघू लागले. आजमितीस संघटनेचे नावही एस्पेरांतोत आहे: एस्पेरांतो-आसोत्सिओ दे ब्रिटिओ.

प्रश्न असा की मान कीथलीलाच का? माझे उत्तर असे. त्या गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना मध्ये ‘जी’ आणि ‘एच’ ही अक्षरे शेजारी बसतात आणि दोघे मिळून ‘थ’ असा आवाज काढतात. इंग्रजीत अन्यत्र ही जोडी कधी ‘फ’ म्हणते, कधी ‘ग’ म्हणते, बहुतेकदा मुकाट बसते; ‘थ’ म्हणण्याचे काम तिच्याकडून याच गावाने करून घेतले. स्वतःच्या गावचे नाव परक्याला सांगताना ज्याला जन्मभर खुलासा करावा लागतो, त्याला ‘एक अक्षर, एक उच्चार’ असे वचन देणारी भाषा दिसली तर तो दुसऱ्या दिवशी मंडळ काढणार, यात नवल कसले? या सिद्धान्ताला बळकटी देणारा आणखी एक गृहस्थ थोड्याच वेळात येतो आहे.

शास्त्रार्थाच्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडला पाहिजे.

पूर्वपक्षी विचारतो, इंग्रजाला या भाषेची गरजच काय? १९०४ साली त्याची मातृभाषा डब्लिनपासून रंगूनपर्यंत कचेऱ्यांत चालत होती, आणि जिथे चालत नव्हती तिथे ती चालवायला आरमार होते. ज्याच्या वाड्यात बारमाही विहीर आहे, त्याने गावच्या सार्वजनिक आडासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडावे, तसला हा प्रकार. एवढ्यावर पूर्वपक्षी थांबत नाही. त्याचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आंतरराष्ट्रीय संमेलनात हंगेरियन माणसाला डेनिश माणसाशी बोलायचे असते, तिथे एस्पेरांतो कामाची. पण राष्ट्रीय संघटनेच्या वार्षिक सभेला जमलेल्या सर्वांची भाषा एकच. हिशेबतपासनिसाची नेमणूक, मागील सभेचे इतिवृत्त, खिडकीतून येणारा वारा, यांतले सगळे त्यांना इंग्रजीत उत्तम सांगता येते. तेव्हा आंतरराष्ट्रीय भाषेची ज्या ठिकाणी तिळमात्र गरज नाही असे पृथ्वीवर एखादे ठिकाण असेल, तर ते म्हणजे तिची राष्ट्रीय संघटना.

आक्षेप बिनतोड आहे. त्याचे खंडन करण्याचा माझा विचार नाही. उलट हे ‘गरज नसणे’ हाच त्या संघटनेचा प्राण आहे, असे मला दाखवायचे आहे. पण वाट बिल्ल्यावरून जाते.

एस्पेरांतोचा बिल्ला म्हणजे पाच टोकांचा हिरवा तारा. पाच टोके म्हणजे पाच खंड, हिरवा रंग आशेचा, असे कोणताही सभासद तुम्हाला न अडखळता सांगेल. चिन्हांचे अर्थ असे नंतर सावकाश पिकतात. उगम पाहायला गेले की वेगळेच हाती येते. १९११ मध्ये ‘द ब्रिटिश एस्पेरांतिस्ट’ने खुद्द झामेनहॉफ यांचे या विषयावरचे पत्र छापले. त्याचा आशय असा: नीटसे आठवत नाही, पण माझी एक पुस्तिका योगायोगाने हिरव्या वेष्टनात निघाली, ती पाहून गेगनसाहेबांनी कळवले की हा तर माझ्या आयर्लंडचा रंग, तेव्हा डोक्यात आले की याला आशेचा रंग मानता येईल. ताऱ्याबद्दल असे, की तो बहुधा प्रथम द बोफ्राँ यांनी आपल्या व्याकरणावर छापला. मला आवडला, मी घेतला.

या पत्राइतके प्रामाणिक चिन्हशास्त्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. भाषेचा जनक सांगतो आहे की आमचा ध्वज छापखान्यात त्या दिवशी जो कागद हाताशी होता त्यातून निघाला. इतर राष्ट्रांच्या ध्वजांचे जनक इतके सरळ बोलले असते तर इतिहासाची पाठ्यपुस्तके बरीच सडपातळ झाली असती.

रिचर्ड गेगन हेच ते वर कबूल केलेले गृहस्थ. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडला जन्मलेला हा आयरिश वंशाचा तरुण ऑक्सफर्डला चिनी शिकत होता. त्याच्या आडनावात ‘जी’ तीनदा येतो, एक ‘एच’ आहे, स्वर मूठभर आहेत, आणि उच्चार निघतो फक्त ‘गेगन’. माझ्या सिद्धान्ताला याहून सज्जड पुरावा कोणता हवा? एस्पेरांतोच्या पहिल्या पुस्तिकेचे आधीचे इंग्रजी भाषांतर एका उत्साही पण इंग्रजी कच्चे असलेल्या माणसाने केले होते. गेगनने झामेनहॉफना तसे कळवले, आणि १८८९ मध्ये त्याचे स्वतःचे भाषांतर निघाले. पुढे तो अमेरिकेत गेला, अलास्कात स्थिरावला, तिथल्या अलेऊत भाषेचे व्याकरण लिहिले आणि १९४३ मध्ये फेअरबँक्सला वारला. तारा देणाऱ्या द बोफ्राँची कथा याहून चमत्कारिक आहे. १९०७ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय भाषा निवडण्यासाठी विद्वानांची समिती बसली. एस्पेरांतोची बाजू मांडायला झामेनहॉफनी याच माणसाला पाठवले. त्याच वेळी समितीपुढे ‘ईदो’ या टोपणनावाने एक सुधारित एस्पेरांतो दाखल झाली. पुढच्या वर्षी द बोफ्राँनी जाहीर केले की तो ईदो मीच.

म्हणजे रंग देणारा अलास्कात, तारा देणारा शत्रुपक्षात. मागे राहिला बिल्ला. कीथलीच्या, लंडनच्या, एडिनबराच्या कोटांवर तो इमानाने टिकला, कारण बिल्ल्याला मते नसतात. प्रवासात अनोळखी माणसाच्या कोटावर तो दिसला की पुढे होऊन हात मिळवायचा, ही त्यामागची सोय. माझ्या निरीक्षणानुसार बिल्ल्याचा आकार आणि भाषेची तयारी यांचे प्रमाण व्यस्त असते. हा नियम मराठीच्या कैवाऱ्यांनाही लागू पडतो की कसे, याचा निकाल वाचकाने आपल्या परिसरातील फलकांवरून स्वतःच लावावा.

ईदो पंथाचे म्हणणे काय होते, हे तपासल्याशिवाय क्षुल्लकशास्त्र पूर्ण होत नाही. एस्पेरांतोच्या सहा अक्षरांवर टोप्या आहेत, त्या काढा. कर्मकारकाला ‘न’ लागतो, तो कर्म कर्त्याच्या आधी आले तरच लावा, एरवी सोडून द्या. विशेषणाला अनेकवचन कशाला? जगाच्या शांततेसाठी निर्माण केलेल्या भाषेत फूट पडली ती शांततेच्या प्रश्नावरून नव्हे, तर टोप्यांवरून. याला मी हसत नाही. तत्त्वावरून फुटलेले लोक पुढे एकत्र येऊ शकतात, कारण तत्त्वाचा अर्थ लावता येतो. टोपीचा अर्थ लावता येत नाही. ती असते किंवा नसते.

टोप्यांनी छळलेही बरेच. टंकयंत्रावर त्या नव्हत्या, तारेने पाठवता येत नव्हत्या. झामेनहॉफनी टोपीऐवजी ‘एच’ लावायची सवलत दिली होती. संगणक आल्यावर काहींनी ‘एक्स’ लावायला सुरुवात केली. आणि मग ‘एच’वाले व ‘एक्स’वाले यांच्यात जे झाले ते व्हायचेच होते. आज टोप्या फोनवरही निमूट उमटतात. मराठी टंकयंत्रावर ज्यांनी जोडाक्षरांची मोडतोड सोसली आहे त्यांना या प्रकरणाचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

त्या ‘न’ने मात्र इंग्रजांना खरा घाम फोडला. जर्मन माणसाला विभक्ती ठाऊक असते, पोलिश माणूस तर विभक्तीतच जन्मतो. इंग्रजाच्या नामांना कर्माचा प्रत्यय शतकानुशतके लागलेला नाही, त्यामुळे तो वाक्याच्या शेवटी पोचला की पाठीमागे ‘न’ राहून गेल्याचे त्याच्या लक्षात येते. कधी भरपाई म्हणून तो नको तिथे लावून टाकतो. ‘रामाने रावणास मारिले’ घोकून लहानाचे मोठे झालेल्यांना हे संकट वाटणार नाही. (आपल्याकडे विनोबांनी एस्पेरांतो शिकून घेतली होती, पण विनोबांना नवी भाषा शिकायला निमित्त लागत नसे.) अशा ‘न’पाशी अडलेल्या, दर हिवाळ्यात प्राथमिक वर्गात नव्याने नाव घालणाऱ्या सभासदाला एस्पेरांतोत ‘सनातन आरंभक’ अशा अर्थाची संज्ञा आहे. कोणत्याही भाषासंस्थेचा आर्थिक कणा तोच असतो. पारंगत माणूस वर्गणी थकवतो, पुस्तके परत करत नाही, आणि मासिकातल्या चुका कळवतो. आरंभक दरवर्षी नवे पाठ्यपुस्तक विकत घेतो.

पारंगतांनी काय केले तेही पाहू. एस्पेरांतोत कर्मणी धातुसाधिताला दोन प्रत्यय संभवतात, ‘आता’ आणि ‘इता’. अमुक जण अमुक साली ‘जन्मला गेला’ असे सांगताना यांपैकी कोणता लावायचा? एक पक्ष म्हणाला, प्रत्यय काळ दाखवतो. दुसरा म्हणाला, छे, क्रिया पुरी झाली की चालू आहे ते दाखवतो. माणूस जन्मला याबद्दल दोन्ही पक्षांत एकमत होते. या मुद्द्यावर लेख, प्रतिलेख, पुस्तके निघाली, मैत्र्या तुटल्या, आणि अखेर १९६७ मध्ये एस्पेरांतोच्या अकादमीने ‘इता’च्या बाजूने कौल दिला. सोळा नियमांच्या भाषेने एवढा वाद पोसावा, याचा मला परकेपणा वाटत नाही. ऱ्हस्व की दीर्घ यावर महामंडळे बसवणाऱ्या समाजातून मी आलो आहे.

असा वाद असह्य होऊन चळवळ सोडणारेही असतात. काझिमिएश बाइन हा वॉर्साचाच, डोळ्यांचाच डॉक्टर, ‘काबे’ या नावाने उत्तम एस्पेरांतो गद्य लिहिणारा. १९११ मध्ये त्याने एके दिवशी सगळे सोडले, पुन्हा वळून पाहिले नाही. तेव्हापासून असे अचानक निघून जाण्याला ‘काबे करणे’ म्हणतात. सोडून गेलेल्याची आठवण क्रियापदात जपणारी दुसरी संस्था मला माहीत नाही. आपल्याकडे त्याचे नाव फक्त थकबाकीच्या यादीत राहते.

आता मगर. एस्पेरांतोच्या मेळाव्यात स्वतःच्या मातृभाषेत गप्पा मारू लागलेल्याला ‘मगरपणा करतो’ असे म्हणतात. यावर उपवर्गीकरणही झाले आहे: बोलणाऱ्यांपैकी एकाचीच मातृभाषा असेल तर तो ॲलिगेटर, आणि दोघांचीही मातृभाषा नसलेल्या तिसऱ्याच राष्ट्राच्या भाषेत बोलले तर केमन. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने राष्ट्रीय संघटना हा गरीब प्रदेश आहे. ब्रिटनच्या वार्षिक सभेत मगरी चिकार, ॲलिगेटर एखादाच, तोही वेल्समधून आलेला सभासद असला तर, आणि केमन दिसल्यास छायाचित्र घ्यावे. पण याच जागी माझा मुद्दा दडलेला आहे. आंतरराष्ट्रीय संमेलनात मगर होण्याची सोयच नसते, कारण समोरच्याला तुमची भाषा येत नाही. तिथे एस्पेरांतो बोलणे म्हणजे व्यवहार. राष्ट्रीय सभेत मात्र प्रत्येक वाक्याआधी मगरीचा जबडा उघडा असतो. ‘खिडकी लावा हो’ हे इंग्रजीत अर्ध्या सेकंदात होणारे काम तिथे माणूस खिडकीला ‘न’ लावून करतो. गरज नसताना केलेली गोष्टच निष्ठा मोजायला उपयोगी पडते.

या निष्ठेचे पहिले मोठे प्रदर्शन १९०७ मध्ये केंब्रिजला झाले. एस्पेरांतोचे तिसरे जागतिक संमेलन तिथे भरले, तेराशेहून अधिक लोक आले. आयोजन तिघांनी खांद्यावर घेतले, म्हणून त्यांना ‘तिसऱ्यासाठी तिघे’ असे नाव पडले: जॉर्ज कनिंगहॅम, हॅरल्ड बोलिंगब्रोक मूडी आणि डॉ. जॉन पोलन. पोलन हे संघटनेचे सुरुवातीचे अध्यक्ष, आणि आपल्या मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले अधिकारी. रशियन कवितांची इंग्रजी भाषांतरेही त्यांनी केली होती. ज्या इलाख्यात एका जिल्ह्याचे दप्तर मराठीत, दुसऱ्याचे गुजरातीत, तिसऱ्याचे कानडीत आणि वर सिंधची कागदपत्रे सिंधीत, तिथे दिवस काढलेल्या माणसाला जगाची एकच भाषा असावी असे वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? हा माझा तर्क आहे. तर्काला पुरावा लागत नाही, ही आमच्या शाखेची मोठी सोय.

संमेलनानंतर लंडनच्या गिल्डहॉलमध्ये झामेनहॉफ बोलले ते देशप्रेमावर. एस्पेरांतोवाले वाईट देशभक्त असतात, हा तेव्हाचा नेहमीचा आरोप. आपल्या देशावर प्रेम करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या देशाचा द्वेष करणे वेगळे, असे त्यांचे उत्तर होते. श्रोत्यांना ते पटले. सात वर्षांनी पॅरिसच्या संमेलनाला ३,७३९ लोकांनी नावे नोंदवली होती. ते २ ऑगस्ट १९१४ ला सुरू व्हायचे होते. त्या आठवड्यात युरोपातल्या सरकारांना दुसरे काम निघाले. तेविसाव्या वर्षी पदरमोड करून ब्रिटनमधले पहिले एस्पेरांतो मासिक काढणारा मूडी सैन्यात गेला आणि जानेवारी १९१६ मध्ये फ्रान्सात मोटार अपघातात वारला.

पुढचे दोन दाखले केवळ क्षुल्लक म्हणून नोंदवतो. बेडन-पॉवेल यांनी १९०८ च्या आपल्या बालवीरांच्या पुस्तकात एस्पेरांतोची शिफारस केली आहे, ती गुप्त भाषा म्हणून. सगळ्या जगाला कळावी यासाठी केलेली भाषा कोणालाच कळत नाही, तेव्हा पथकात ती वापरा, हा सल्ला व्यवहारचतुर होता हे नाकारता येत नाही. दुसरा दाखला जॉर्ज ऑर्वेलचा. त्याची मावशी नेली लिमुझाँ ही पॅरिसमध्ये लांती या कडव्या एस्पेरांतोवाल्याबरोबर राहत असे. १९३४ मध्ये ऑर्वेलला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात पुस्तकाच्या दुकानात नोकरी लागली, कारण दुकानाचे मालक पतिपत्नी एस्पेरांतोवाले होते आणि मावशीच्या ओळखीचे. विश्वबंधुत्वाचे एवढे रोकडे फळ क्वचितच कोणाला मिळाले असेल. टॉल्किननेही या संघटनेच्या मासिकात १९३२ मध्ये एस्पेरांतोच्या बाजूने लिहिले. स्वतः दोनचार भाषा घरी बनवणाऱ्याने शेजाऱ्याच्या मालाची तारीफ करावी, यात मोठेपणा आहे.

राहता राहिले कपाट. लंडनला हॉलंड पार्क ॲव्हेन्यूवर १४० क्रमांकाच्या घरात संघटनेचे कार्यालय अनेक वर्षे होते. माँटॅग्यू बटलर या संगीतशिक्षकाने संस्थेसाठी ग्रंथ जमवले, त्या संग्रहाला आज बटलर ग्रंथालय म्हणतात. या शतकाच्या सुरुवातीला बिऱ्हाड हलले ते स्टोक-ऑन-ट्रेंटजवळच्या बार्लास्टन गावी, वेजवुड मेमोरियल कॉलेजच्या आवारात. याच गावात वेजवुडचा चिनीमातीच्या भांड्यांचा प्रसिद्ध कारखाना आहे. संस्थेची वार्षिक सभा आणि कपबश्यांचे माहेर एकाच गावी यावे, हे स्थलनिर्णयाचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. पंचक्रोशीही अनुकूल. स्टोकच्या स्मॉलथॉर्न भागात ‘एस्पेरांतो वे’ नावाचा रस्ता आहे, आणि हिरव्या ताऱ्याच्या नावाचे मद्यगृहही तिथे निघाले. विश्वभाषेच्या नावाने विद्यापीठ निघाले असते तर अनुदानाची चिंता लागली असती. मद्यगृहाला ती नसते.

आता उत्तरपक्ष. सोळाव्या नियमाची आठवण ठेवायला सांगितले होते ती इथे काढावी. व्यवहाराला एस्पेरांतोची ज्यांना सर्वांत कमी गरज होती, त्या बेटाने तिला कवी दिले. १९५२ मध्ये चार जणांच्या कवितांचा ‘क्वारोपो’ हा संग्रह निघाला. त्या गटाला स्कॉटिश संप्रदाय म्हणतात. त्यांतला विल्यम ऑल्ड हा शाळामास्तर. त्याचे ‘ला इन्फाना रासो’ हे दीर्घकाव्य १९५६ चे, आणि पुढे नोबेलसाठी त्याचे नाव सुचवले गेले. ऑक्सफर्डच्या मार्जरी बोल्टन यांनी झामेनहॉफ यांचे चरित्र लिहिले आणि एस्पेरांतोत कविता केल्या. त्यांचेही नाव नोबेलसाठी गेले होते. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांचे नाव इंग्रजीच्या नाना ठिकाणच्या ढंगांवरील ग्रंथासाठी जगभर घेतले जाते. त्यांनी ब्रिटनच्या या संघटनेचे आणि १९८९ ते १९९५ जागतिक एस्पेरांतो संघटनेचेही अध्यक्षपद सांभाळले, आणि वर इंग्रजी शुद्धलेखन सोपे करू पाहणाऱ्या संस्थेचेही. कीथली आणि गेगन यांचे पांग त्यांनी फेडले असे म्हणायला हरकत नाही.

आमच्या शास्त्राचा निष्कर्ष इतकाच निघतो. ज्याला एस्पेरांतोने नोकरी, व्यापार किंवा व्हिसा मिळणार नव्हता, जगाने आपलीच भाषा शिकावी एवढे बळ ज्याच्या पाठीशी होते, त्या इंग्रजाने समोरच्याच्या बरोबरीने खाली बसून चुकत माकत बोलायचे ठरवले. समतेचा इतका महागडा छंद फार थोड्यांनी केला आहे. गरजवंताची भाषानिष्ठा तपासायला जाऊ नये, तिच्यात पोटाचा भाग येतो. बिनगरजेची निष्ठा मात्र बिल्ला, टोपी, ‘न’ आणि कपाट यांवरच जगते, कारण जगायला तिला दुसरे काही मिळत नाही. म्हणून क्षुल्लकांची हेळसांड करणाऱ्या विद्वानांचा मी निषेध नोंदवतो.

या प्रबंधातील दोष दाखवणारी पत्रे स्वागतार्ह आहेत. ती एस्पेरांतोत लिहिलेली असावीत, कर्माला ‘न’ लावलेला असावा, आणि ‘आता’ की ‘इता’ या विषयावर कोणीही पत्र पाठवू नये. तो विषय १९६७ मध्ये मिटला आहे.